नर कोणता, मादी कोणती? भांगेच्या शेतातील एक जुना घोटाळा

युरोपात कित्येक शतके भांगेची लागवड धाग्यासाठी होत असे. जहाजांची शिडे, दोरखंड, पोती, जाडेभरडे कापड हे सारे भांगेच्या खोडातून निघणाऱ्या वाखापासून तयार होई. ‘कॅनव्हास’ हा शब्दसुद्धा ‘कॅनाबिस’ या भांगेच्या लॅटिन नावावरूनच आलेला आहे. एकाच मुठीतले बी एकाच वाफ्यात पेरले तरी त्यातून दोन तऱ्हेची झाडे तयार होतात, ही गोष्ट तिथल्या शेतकऱ्यांना चांगली ठाऊक होती. काही झाडे सडपातळ असत. त्यांना शेंड्याकडे पाने कमी, वाख मऊ, आणि फुलोरा येऊन गेला की ती पिवळी पडून वाळून जात. दुसरी झाडे दाट पानांची, दणकट, उशिरापर्यंत हिरवी राहणारी. बी लागे ते यांनाच.

इंग्लंडमधले शेतकरी पहिल्या प्रकाराला ‘फिंबल’ म्हणत आणि दुसऱ्याला ‘कार्ल’. यातला ‘फिंबल’ हा शब्द मादी या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा अपभ्रंश आहे आणि ‘कार्ल’ म्हणजे पुरुष, गडी. जर्मन शेतकरीही त्या सडपातळ झाडाला मादी या अर्थाच्याच लॅटिन शब्दापासून आलेले नाव देत असत.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल, की ही नावे नेमकी उलटी आहेत. ज्या झाडाला बी धरते ते मादी असणार, हे आज शाळेतला मुलगाही सांगेल. मग पिढ्यान्पिढ्या भांग पिकवणाऱ्या, तिच्या पानापानाशी परिचय असणाऱ्या माणसांनी बी धरणाऱ्या झाडाला ‘गडी’ का म्हणावे? हे लोक अडाणी नव्हते. फिंबल आधी उपटायची, कार्ल बी पक्व होईपर्यंत ठेवायची, हे वेळापत्रक ते बिनचूक पाळत. त्यांचे निरीक्षण बरोबर होते, त्यावर बसवलेली नावे तेवढी चुकली होती. असे का झाले आणि झाडाचे लिंग खरोखर कशावरून ठरवायचे, हे या लेखात आपण पाहू.

फूल काय सांगते?

आपल्या ओळखीची बहुतेक फुलझाडे द्विलिंगी असतात. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. काकडी, भोपळा, मका यांच्यात नर फुले आणि मादी फुले वेगवेगळी, पण एकाच झाडावर असतात. तिसरा प्रकार त्या मानाने विरळ. त्यात एका झाडावर फक्त नर फुले आणि दुसऱ्या झाडावर फक्त मादी फुले येतात. अशा वनस्पतींना विभक्तलिंगी म्हणतात. सपुष्प वनस्पतींच्या साधारण ६ टक्के जाती अशा आहेत. खजूर, जायफळ, करटोली, तोंडली ही आपल्या परिचयाची उदाहरणे. भांग (कॅनाबिस सटायव्हा) याच गटातली.

हिमालयाच्या पायथ्याशी आणि उत्तर भारतात अनेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला भांग तणासारखी उगवते. कुमाऊँ-गढवालच्या बाजूला फिरून आलेल्यांनी बोटांसारखी फाकलेली, कातरलेल्या कडांची तिची पाने नक्की पाहिली असतील. रोप लहान असते तेव्हा सर्व झाडे सारखीच दिसतात. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्या, की झाडाला फुलोरा येऊ लागतो आणि फरक दिसू लागतो.

नर झाडाची फुले लहान, हिरवट पिवळी असतात आणि ती फांद्याफांद्यांच्या सैल झुबक्यांत लोंबतात. प्रत्येक फुलाला पाच परिदले असतात. (पाकळ्या आणि निदले असा भेद नसला, की त्या भागांना परिदले म्हणतात.) परिदले उघडली की आतून पाच पुंकेसर बारीक तंतूंवर खाली लोंबू लागतात. वाऱ्याची झुळूक आली की परागकणांची पिवळसर धूळ उडते.

मादी झाडाचे फूल प्रथमदर्शनी फूल वाटतच नाही. पानाच्या बेचक्यात, देठाला चिकटून, हिरव्या रंगाचे एक छोटे आवरण दिसते. हे आवरण म्हणजे फुलाला लपेटणारे एक पान, म्हणजेच छद होय. त्याच्या आत अंडाशय असतो आणि टोकातून दोन पांढरट, केसाळ तंतू बाहेर डोकावतात. या कुक्षी. वाऱ्यावर आलेले परागकण झेलणे हे त्यांचे काम. एका फुलात एकच बी धरते. ही फुले शेंड्याकडे पानांसह दाटीने गर्दी करतात, त्यामुळे मादी झाडाचा शेंडा भरगच्च दिसतो.

तेव्हा खूण एवढीच: लोंबणारे झुबके आणि पाच पुंकेसर असतील तर नर, देठालगत बसलेले हिरवे आवरण आणि त्यातून निघालेले दोन केसाळ तंतू असतील तर मादी. फुलोरा भरात येण्याच्या काही दिवस आधी, खोडाला जिथे पान फुटते त्या पेरापाशी, छोट्या टोकदार उपपर्णाच्या आड पहिली एकटी कळी दिसते. भिंगातून पाहिले तर तेथेही हा फरक कळतो. गोल, बंद गोळी म्हणजे नर कळी आणि निमुळत्या आवरणातून निघालेले दोन तंतू म्हणजे मादी.

उंचीवरून, पानांवरून ओळखता येईल का?

नर झाडे बहुधा उंच आणि सडपातळ असतात. त्यांची दोन पेरांमधली कांडी लांब असतात. मादी झाडे ठेंगणी आणि भरदार. हा फरक खरा आहे आणि त्यामागे कारणही आहे. भांगेचे परागण वाऱ्याने होते. परागकण जेवढ्या उंचावरून सुटतील तेवढे ते दूर जातील. त्यामुळे नर झाडाला चटकन उंच होणे फायद्याचे पडते. परागकण सुटले की त्याचे काम संपले. ते मरून जाते. मादी झाडाला मात्र बी पोसायचे असते. त्यासाठी पुढचे काही आठवडे पानांनी अन्न तयार करत राहावे लागते. तिला दाट पाने आणि टिकाऊ खोड हवे. म्हणजे मादीचा दणकटपणा हा तिच्या मातृत्वाचाच भाग आहे.

परंतु उंचीवरून केलेला अंदाज हा अंदाजच राहतो. दाट पेरणीत सगळीच झाडे उंच आणि सडपातळ होतात. चांगल्या खताच्या, मोकळ्या जागेत वाढलेले नर झाडही भरदार दिसते. शिवाय हे फरक ठळक होईपर्यंत फुलोरा आलेलाच असतो. फुलाच्या आधी, केवळ डोळ्यांनी पाहून, रोपाचे लिंग खात्रीने सांगता येत नाही. कारण सरळ आहे. मूळ, खोड, पान ही दोन्ही झाडांना सारखीच लागतात आणि जवळजवळ सारख्याच सूचनांनुसार घडतात. लिंगाच्या सूचना अमलात येतात त्या मुख्यतः फूल घडताना.

डोळ्यांना जे दिसत नाही ते प्रयोगशाळेत मात्र आता दिसते. इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी १९९९ साली भांगेच्या डी.एन.ए.चा असा एक तुकडा प्रसिद्ध केला, की जो नर झाडांतच सापडतो. तेव्हापासून पानाच्या एका छोट्या तुकड्यावरून कोवळ्या रोपाचेही लिंग सांगता येऊ लागले.

कामेरारिउसची चिकाटी

वनस्पतींना लिंग असते, हेच मुळी फार काळ मान्य नव्हते. खजुराच्या नर फुलोऱ्याची धूळ मादी झाडावर झटकल्याशिवाय फळ धरत नाही, हे प्राचीन काळापासून माहीत होते. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने ते लिहूनही ठेवले आहे. पण तो खजुराचा विशेष मानला गेला. सगळ्याच फुलांत असे काही घडत असेल, ही कल्पना प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम केले ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील रुडॉल्फ याकोब कामेरारिउस (१६६५–१७२१) याने. तो वैद्यकाचा प्राध्यापक होता आणि विद्यापीठाची वनस्पती-बाग त्याच्याकडे होती.

त्याचे प्रयोग आजही शाळेत करता येतील इतके साधे होते. जवळपास नर झाड नसलेल्या तुतीच्या मादी झाडाला फळे आली, पण त्यातले बी पोकळ निघाले. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते पण त्यातून पिल्लू निघत नाही, तसेच हे आहे, असे त्याला वाटले. एरंडाची नर फुले उमलण्यापूर्वीच खुडून टाकली, तेव्हा बी भरले नाही. १६९४ साली एका दीर्घ पत्राच्या रूपाने त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुंकेसर हे नर इंद्रिय, अंडाशय आणि कुक्षी हे मादी इंद्रिय, आणि पराग पोहोचल्याशिवाय बीमध्ये अंकुर तयार होत नाही, असे त्याने ठामपणे मांडले.

त्याने भांगेवरही प्रयोग केला. आणि इथेच त्याला अडचण आली. नर झाडांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनाही थोडे चांगले, उगवणारे बी धरले! आपल्या सिद्धान्ताला न जुळणारा हा निष्कर्ष त्याने लपवून ठेवला नाही, तोही नोंदवला. आज आपण त्याची दोन कारणे सांगू शकतो. भांगेचे परागकण वाऱ्याबरोबर फार दूरपर्यंत जातात. आणि दुसरे म्हणजे, मादी झाडावर क्वचित एखाददुसरे नर फूलही येते. कामेरारिउसच्या अडचणीत भांगेच्या लिंगाविषयीची एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती. तिच्याकडे आपण पुढे येणारच आहोत.

नौगावचे पोद्दार

नर-मादी ओळखण्याचे कौशल्य आपल्या देशात मात्र वेगळ्याच कारणाने जोपासले गेले. भांगेच्या मादी फुलाभोवतीच्या छदावर बारीक ग्रंथियुक्त केस असतात. त्यांतून चिकट राळ स्रवते. मादक द्रव्य मुख्यतः या राळेत असते. मादी झाडाचे राळयुक्त शेंडे म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग, असे तीन पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. मादी फुलाला पराग मिळाला की झाडाचे बळ बी भरण्याकडे वळते, राळ कमी होते आणि गांजा बियांनी भरतो. त्याची किंमत उतरते.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकार परवाने देऊन आणि कर बसवून गांजाची लागवड करू देत असे. बंगालमधले नौगाव (आता हे बांगलादेशात आहे) आणि मध्य प्रांतातले खांडवा ही त्याची नावाजलेली ठिकाणे होती. नौगावच्या शेतकऱ्यांना नर झाडे फुलण्यापूर्वीच उपटून टाकावी लागत. एखादे झाड नजरेतून सुटले तरी त्याचे पराग शेतभर जाणार. त्यामुळे हे काम घरच्या माणसांवर न सोपवता ते खास पारख्याला मजुरी देऊन बोलावत. त्याला म्हणत ‘पोद्दार’. १८९३–९४ च्या भांग आयोगाच्या कामकाजात या पारख्यांची माहिती आली आहे.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटू नये. आपल्याकडचा ‘पोतदार’ म्हणजे नाणी पारखणारा, तोच हा शब्द. खऱ्याखोट्या रुपयांची पारख करणाऱ्याचे नाव झाडांची पारख करणाऱ्याला मिळाले, यावरून त्या कामाची किंमत कळते. शेतातून हळूहळू चालत, पेरापेरावरची पहिली कळी पाहत, नर झाड मोडत जाणाऱ्या या माणसांना वनस्पतिशास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण ते उंची किंवा दणकटपणा पाहून फसत नसत. ते कळी पाहत.

आज भारतात ही लागवड अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याखाली येते. या कायद्यातली गांजाची व्याख्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा, आणि शेंड्यांशिवायची नुसती पाने किंवा बी त्यात मोडत नाहीत. म्हणजे कायद्याची रेषासुद्धा फुलापाशीच आखलेली आहे. परवान्याशिवाय हे झाड लावणे गुन्हा आहे. शिक्षकांनी ते वर्गात आणण्याचा विचारही करू नये. त्याऐवजी काय करता येईल ते शेवटी सांगितले आहे.

लिंग ठरते कसे?

भांगेच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या, म्हणजे एकूण २० गुणसूत्रे असतात. त्यांतल्या नऊ जोड्या दोन्ही लिंगांत सारख्या. दहावी जोडी मादीत एक्स-एक्स आणि नरात एक्स-वाय अशी असते. माणसासारखीच ही पद्धत आहे. नराचे निम्मे परागकण एक्स वाहतात, निम्मे वाय. म्हणून शेतात नर आणि मादी झाडे साधारण निम्मी-निम्मी येतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार भांगेची ही लिंग-गुणसूत्रे एक कोटी वर्षांहूनही जुनी आहेत. वनस्पतींमध्ये इतकी जुनी जोडी दुर्मीळच.

याचा अर्थ लिंग बी तयार होतानाच कायमचे ठरले, असा घ्यायचा का? इथे कामेरारिउसची अडचण आठवावी. मादी झाडावर नर फूल येते ते कसे?

या प्रश्नावर महत्त्वाचे काम आपल्याच देशात झाले आहे. दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एच. वाय. मोहन राम आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या सुमारास भांगेच्या झाडांवर निरनिराळ्या संप्रेरकांचा परिणाम तपासला. त्यांनी नर झाडांवर इथेफॉन फवारले. या रसायनातून झाडात इथिलीन वायू सुटतो. आंब्याच्या अढीत फळे पिकवणारा तोच हा वायू. या नर झाडांवर मादी फुले आली! १९७२ मध्ये त्यांनी उलट बाजूने प्रयोग प्रसिद्ध केला. मादी झाडांना जिबरेलिन हे संप्रेरक दिले, तेव्हा त्यांच्यावर नर फुले आली. १९८२ मध्ये त्यांनी दाखवले, की चांदीच्या संयुगांनीही मादी झाडावर जननक्षम नर फुले आणता येतात. चांदी इथिलीनचे काम अडवते. इथिलीनचा प्रभाव नाहीसा झाला, की मादी झाडही परागकण तयार करू लागते.

या प्रयोगांतून निघालेला अर्थ असा. गुणसूत्रे झाडाचा कल ठरवतात. तो कल प्रत्यक्षात आणतात ती संप्रेरके. फूल घडण्याच्या वेळी त्यांचा तोल बदलला तर गुणसूत्रे तीच राहूनही फूल बदलते. मादी झाडात नर फूल घडवण्याची क्षमता झोपलेली असते, नाहीशी झालेली नसते.

विद्यार्थ्यांना घालण्याजोगे एक कोडे यातून मिळते. चांदीच्या प्रभावाखाली मादी झाडाने तयार केलेल्या परागांनी दुसऱ्या मादी झाडाचे परागण केले, तर बियांपासून कोणती झाडे येतील? दोन्ही पालक एक्स-एक्स. वाय कुठूनच येणार नाही. म्हणून सगळी झाडे मादी येतील. बारावीच्या विद्यार्थ्याला पाटीवर चौकटी आखून हे सोडवता येते.

वाखाच्या शेतीलाही या ज्ञानाचा उपयोग झाला. यंत्राने कापणी सुरू झाल्यावर नर झाडे आधी वाळणे ही मोठी अडचण ठरली, कारण यंत्राला फिंबल आणि कार्ल वेगळी करता येत नाही. म्हणून विसाव्या शतकात युरोपातील पैदासकारांनी एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येणारे, एकदम पक्व होणारे वाण तयार केले. या झाडांची गुणसूत्रे तपासली तर ती एक्स-एक्स, म्हणजे मादीचीच निघतात.

मग नावे का चुकली?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. जुन्या शेतकऱ्यांनी झाडांकडे पाहून नव्हे, तर माणसांविषयीच्या आपल्या समजुतींकडे पाहून नावे दिली, असे आम्हाला वाटते. दणकट, जाड, टिकाऊ ते पुरुष. नाजूक, मऊ, लवकर कोमेजणारी ती स्त्री. एकदा ही चौकट डोळ्यांवर बसली, की समोर बी दिसत असूनही झाड ‘गडी’च ठरते.

दुसरेही एक कारण संभवते. बी हे पुरुषाचे आणि स्त्री म्हणजे ते रुजवणारी जमीन, ही कल्पना जगात बऱ्याच ठिकाणी होती. आपल्याकडे धर्मशास्त्रातही बीज आणि क्षेत्र यांची चर्चा अशीच येते. या कल्पनेनुसार बी देणारे झाड पुरुष ठरणे स्वाभाविक होते. पण झाडाचे बी म्हणजे नराचे ‘बीज’ नव्हे. बी म्हणजे आवरणात गुंडाळलेला, आईवडील दोघांचाही वारसा घेतलेला अंकुर. नराचा वाटा असतो तो परागकणात. तो डोळ्यांना धुळीसारखा दिसतो, म्हणून कोणी त्याची दखल घेतली नाही.

अशी नावे फक्त भांगेलाच मिळाली असे नाही. विदर्भाच्या जंगलात मिळणारा, लाठ्यांसाठी वापरला जाणारा भरीव मानवेल बांबू इंग्रजांच्या काळापासून ‘नर बांबू’ म्हणून ओळखला जातो. तो नर का? तर पोकळ नाही, मजबूत आहे म्हणून. प्रत्यक्षात तो फुलतो तेव्हा त्याच्या फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. युरोपातील दोन नेच्यांना ‘नर नेचा’ आणि ‘स्त्री नेचा’ अशी नावे आहेत. त्या दोन स्वतंत्र जाती आहेत, आणि नेच्यांना तर फूलच नसते. एक दिसायला राकट आणि दुसरा नाजूक, एवढाच त्या नावांचा आधार.

‘तुळशीत भांग’ असे आपण म्हणतो तेव्हा चांगल्यात मिसळलेले वाईट कसे ओळखावे, हा प्रश्न मनात असतो. इथे प्रश्न निराळा आहे. भांगेत भांगच उगवली आहे, फक्त तिच्यावर आपण आपल्या घरातली चौकट लादली. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात मुद्दाम सांगावी, असे आम्हाला वाटते. ‘निसर्गातच नर बलवान असतो’ हे वाक्य मुलामुलींच्या कानावर सतत पडत असते. भांगेच्या शेतात बलवान आणि दीर्घायुषी असते ती मादी. पण यावरून ‘मादी बलवान’ असा उलटा नियम करणेही तेवढेच चूक. झाडाला नर म्हणायचे ते पराग तयार करते म्हणून, मादी म्हणायचे ते बी धरते म्हणून. यापलीकडे त्या शब्दांत दुसरा कोणताही अर्थ भरू नये.

वर्गात काय करता येईल?

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पट्ट्यात करटोलीचे वेल कुंपणांवर चढलेले दिसतात. ही वनस्पती भांगेप्रमाणेच विभक्तलिंगी आहे. तिच्या शास्त्रीय नावातला ‘डायोइका’ हा शब्द तेच सांगतो. नर वेल आणि मादी वेल, दोघांनाही पिवळी फुले येतात. पण मादी फुलाच्या पाकळ्यांखाली काटेरी, हिरवा, इवलासा फुगवटा असतो. तेच पुढचे फळ. नर फुलाखाली नुसता बारीक देठ असतो. विद्यार्थ्यांना वीस-पंचवीस वेल पाहून नोंद करायला सांगावे. फुले येण्यापूर्वी पानांवरून लिंगाचा अंदाज लिहून ठेवावा आणि फुले आल्यावर तो ताडून पाहावा. अंदाज किती वेळा बरोबर आला, हे आकडे मुलांना पुष्कळ काही शिकवतील.

यापुढे जाऊन कामेरारिउसचा प्रयोगही करता येतो. करटोलीची फुले संध्याकाळी उमलतात. दुपारीच काही मादी कळ्यांवर पातळ कापडाच्या पिशव्या बांधाव्यात. त्यांपैकी निम्म्या संध्याकाळी उघडून नर फुलाचे पराग कुक्षीवर हलकेच लावावेत आणि पिशवी पुन्हा बांधावी. उरलेल्या तशाच ठेवाव्यात. आठवड्याभरात कोणत्या फुलांचे फळ वाढले आणि कोणती गळून गेली, ते दिसेल.

पपई हे दुसरे सोयीचे झाड. नर पपईची फुले लांब, लोंबत्या दांड्यांवर घोसाने येतात. मादीची मोठी फुले खोडालगत एकेकटी किंवा दोन-तीन मिळून बसतात. पपईत तिसरा, द्विलिंगी फुलांचा प्रकारही असतो. नर-मादी वेगळे असणाऱ्या वाणांत शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतो, चार-सहा महिने खतपाणी घालतो आणि फुले आल्यावर नर झाडे कापून टाकतो. दर दहा झाडांमागे साधारण एक नर परागांसाठी ठेवतो. रोपाच्या मुळावरून, बियांच्या रंगावरून नर-मादी ओळखता येते, अशा समजुती अनेक ठिकाणी आहेत. शाळेच्या परसात दहा-वीस रोपे लावून त्या पडताळून पाहण्यासारख्या आहेत. एखाद्या समजुतीने दहापैकी पाच वेळा बरोबर उत्तर दिले, तर ते नाणे उडवण्याइतकेच झाले, हे मुलांना त्यातूनच कळेल. प्रत्येक रोपाला क्रमांक द्यावा, अंदाज आधी वहीत लिहावा आणि फुले येईपर्यंत वहीला हात लावू नये.